गच्चीवरचं ‘रात्रंदिन’

आलेला प्रश्न असा:

“मॅडम, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. यांची अंबडला शिफ्ट ड्युटी, दर आठवड्याला बदलते. घरात सासूबाई आहेत. (सासरे गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांचा याच्यावर फार जीव, पण हा तेव्हा रडलाही नाही.) गेले चार महिने रोज रात्री अकरानंतर हा गच्चीवर जातो आणि हेडफोन लावून तेच एक इंग्रजी गाणं ऐकत बसतो. भाचीनं शोधून सांगितलं, किड कडी नावाच्या गायकाचं ‘डे अँड नाइट’. तिच्याकडून अर्थ लावून घेतला, तर रात्रंदिवस एकटा, एकटा, एकटा. पोटात गोळाच आला. हे डिप्रेशन आहे का? गाणं बंद करायला लावू का? आणि घर भरलेलं असताना याला एकटं वाटायचं कारणच काय?”

ताई, तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिले दोन त्याच्याच पोटात आहेत. तो तुम्ही थोडा रागानं विचारलाय, आणि त्या रागाखाली ‘आम्ही याला पुरत नाही का?’ असं दुखावलेपण आहे. जॉन कॅसिओपो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एकटेपणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याचं म्हणणं होतं की एकटेपणा हा भूक-तहानेसारखाच इशारा आहे. काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, एवढंच तो सांगतो. मुलाला भूक लागली तर स्वयंपाक करणारीचा अपमान झाला असं आपण मानत नाही ना? तसंच हे. शिवाय भुकेला जसं समोर ताट असूनही एखादी गोष्ट हवीशी वाटते, तसं याही भुकेचं असतं. घरात चार माणसं आहेत, पण आत जे चाललंय ते ज्याच्यापाशी बोलावं असं त्यातलं कोणी या क्षणाला नसेल, तर माणूस चौघांत एकटा असतो. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सिंहस्थात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते, आणि हरवल्यांच्या घोषणा त्याच गर्दीत चालू असतात.

आता गाण्याकडे येते. मी गेली बावीस वर्षं नाशकात समुपदेशन करते आणि मुलांनी ऐकवलेली गाणी हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. हे गाणं मला २०११ च्या सुमारास कळवणकडच्या एका मुलानं ऐकवलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). कॉलेज रोडच्या मागे कॉट बेसिसवर राहायचा. इअरफोनची एक बाजू त्याच्या कानात, एक माझ्या. मला सुरुवातीला नुसतं टुंग-टुंग ऐकू आलं, शब्द काही कळेनात. तो म्हणाला, “मॅडम, अर्थ नका शोधू. ओळीतला शेवटचा शब्द तो दोनदा म्हणतो, तेवढंच ऐका.” खरंच तसं होतं. ओळ संपते आणि शेवटचा शब्द पुन्हा एकदा, रिकाम्या खोलीत घुमल्यासारखा येतो. “रात्री झोपताना माझ्या डोक्यात असंच होतं,” तो म्हणाला. तोपर्यंतच्या तीन भेटींत त्यानं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ याच्या पलीकडे शब्द काढला नव्हता.

विचार पूर्ण होतो, पण सुटत नाही, त्याचं शेपूट पुन्हा वाजतं. आमच्या भाषेत याला रवंथ म्हणतात, म्हणजे तोच विचार पुन्हा पुन्हा चघळणं. अनेक पानं लिहूनही मला जे पेशंटच्या आईवडिलांना समजावता आलं नसतं, ते या गाण्यात एका शब्दाच्या पुनरुक्तीत आलंय. तेव्हापासून मी या गाण्याची चाहती आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं म्हणणं तुम्ही तेवढं चाळून घ्याल.

गाण्याचा माणूस कोण, तेही माहीत असू द्या. किड कडीचं खरं नाव स्कॉट मेस्कडी, जन्म १९८४, गाव अमेरिकेतलं क्लीव्हलंड. अकरा वर्षांचा असताना वडील कर्करोगानं गेले. पुढे नशीब काढायला न्यूयॉर्कला गेला आणि तिथे अंकलकडे राहिला. (त्यांच्याकडे काका, मामा, आत्याचे यजमान सगळे एका शब्दात बसतात. आपण काका म्हणू.) स्वतःची दुसरी सोय होण्याआधीच काकांनी त्याला घराबाहेर काढलं. याच्या मनात अढी बसली, आणि ती निघायच्या आत, २००६ मध्ये काका वारले. माफी मागायची राहिली, आभार मानायचेही राहिले. हे गाणं त्यातून आलं असं त्यानं मुलाखतीत सांगितलंय. डॉट डा जीनियस या ब्रुकलिनच्या मित्रानं त्याला संगीत दिलं. ‘गेटो बॉइज’ या ह्यूस्टनच्या रॅप मंडळींचं १९९१ चं एक गाणं, ज्यात माणसाला स्वतःचंच मन फसवत राहतं, ते कडीच्या डोळ्यांसमोर होतं. कडीचं गाणं २००८ मध्ये त्याच्या मिक्सटेपवर, म्हणजे अल्बमआधीच्या गाण्यांच्या संग्रहावर, आणि २००९ मध्ये ‘मॅन ऑन द मून’ या पहिल्या अल्बमवर आलं, आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. अल्बमवर गाण्याच्या नावापुढे कंसात ‘दुःस्वप्न’ या अर्थाचा शब्द आहे.

ताई, तुम्हीही एक गोष्ट कंसात लिहिली आहे. सासरे वारले, नातू रडला नाही. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. तुमच्या मुलाला या गाण्यामागची काकांची गोष्ट माहीत असेलच असं नाही, आणि आजोबांशी त्याचं काही बोलायचं राहिलं होतं का हे तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. मी त्यावरून निदान करत नाहीये. पण पावसाळ्यात आजोबा गेले आणि हिवाळ्याच्या तोंडावर गच्ची सुरू झाली, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. वीस वर्षांचा मुलगा रामकुंडावर अस्थी सोडायला जातो. तिथल्या पायऱ्यांवर गुरुजी, गर्दी, ओले पंचे, कुणाचा तरी वाजणारा मोबाइल, आणि हातातलं ते गाठोडं अपेक्षेपेक्षा हलकं. त्या दिवशी बऱ्याच मुलांना पहिल्यांदा कळतं की हे आपलंही व्हायचंय. मोठी माणसं बारा-तेरा दिवसांच्या कामात बुडालेली असतात. जेवणाच्या पानांचा हिशेब असतो, पाहुण्यांच्या गाद्या असतात. मुलाला कोणी विचारत नाही. त्यानंच भटजींना ने-आण केलेली असते, आणि सगळे म्हणतात, पोरगा खंबीर आहे हो.

अर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञानं १९८० साली अस्तित्ववादी मानसोपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो तीन प्रकारचं तुटलेपण सांगतो. माणसांपासून तुटणं हा एक प्रकार. स्वतःच्याच भावनांपासून तुटणं हा दुसरा, जसं रडू यायला हवं तिथे ते न येणं. आणि तिसरं असं की कितीही जवळचं माणूस असलं तरी माझा जन्म, माझा निर्णय आणि माझं मरण माझ्या वतीनं ते घेऊ शकत नाही. पहिलं माणसं भेटून भरतं, दुसरं बोलून सुटतं. तिसरं कोणीच मिटवू शकत नाही, फक्त सोबत बसता येतं. आईबाप बहुतेक वेळा पहिल्याचं औषध तिसऱ्याला देतात: “जा की मित्रांबरोबर, मिसळ खाऊन या!” मिसळीला माझी हरकत नाही.

आता गाण्यातली ती जागा सांगते, जिच्यामुळे मी हे उत्तर एवढं लांबवतेय. गाणं सुरू होतं ते ‘मी’नं. मी कूस बदलतोय, मन पिळतोय, शांती शोधतोय आणि सापडत नाहीये, पळतोय पण पाय तेवढे वेगात नाहीत. मग ध्रुपद येतं आणि ‘मी’ नाहीसा होतो. तिथून पुढे सगळं ‘तो’. तो एकटा, त्याचं मन रात्री मोकळं होतं, त्याला हवी असलेली मुलगी त्याला मिळत नाही, तो बूट चढवून निघाला. शेवटपर्यंत ‘तो’च. एकच माणूस, पण अर्ध्या मिनिटात स्वतःच्या बाहेर पडून स्वतःकडे बघायला लागतो.

तुम्हाला हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल. वाटायलाच हवं. तुकोबांचा अभंग आठवा: ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन.’ पहिल्या ओळीत ‘आम्हां’, म्हणजे मीच. आणि शेवटी? ‘तुका म्हणे.’ आयुष्यभर लिहिलेल्या अभंगांच्या शेवटी हा माणूस स्वतःला नावानं, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं हाक मारतो. संतपरंपरेत ही नाममुद्रा आहे, कवीची सही आहे, हे शाळेत शिकवतात. पण समुपदेशकाच्या खुर्चीत बसून बघितलं की त्यात आणखी काही दिसतं. युद्धात सापडलेला एक तुका आणि ते युद्ध बघून सांगणारा दुसरा तुका. दोघांच्या मध्ये हातभर अंतर. त्या हातभर अंतरात श्वास घेता येतो.

हा नुसता भाविक अर्थ नाही. मिशिगन विद्यापीठातले इथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी बोलायला सांगितलं, काहींना ‘मी’ वापरून, काहींना स्वतःचं नाव घेऊन. नाव घेऊन बोलणाऱ्यांना ताण सांभाळणं सोपं गेलं आणि नंतरचं चघळणंही कमी झालं. आमच्या आज्ज्या ‘अगं रखमे, आता कसं करायचं?’ असं स्वतःलाच म्हणत दळण दळायच्या, त्यांना मिशिगनला जावं लागलं नाही.

म्हणून, गाणं बंद करायला लावू का, याचं माझं उत्तर: नका. तुमचा मुलगा त्या गाण्यात बहुधा स्वतःला ‘तो’ म्हणून बघतोय. दिवसभर जे ‘मी’च्या अंगावर आलेलं असतं, ते रात्री पावणेचार मिनिटांसाठी दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातं. तोंडानं बोलता न येणाऱ्या मुलासाठी हे काही कमी नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत एका आईवडिलांना मुलाचा एमपीथ्री प्लेअर काढून घ्यायला सांगितलं होतं. गाणी उदास होती आणि मला वाटलं आगीत तेल कशाला. तो पोरगा त्यानंतर दोनदा आला, घड्याळाकडे बघत बसला आणि यायचा बंद झाला. पुढे त्याची आई भाजी बाजारात भेटली, म्हणाली, पुण्याला गेलाय, फोन कमीच करतो. ती चूक माझी. त्याच्याकडे बोलायला एकच तोंड होतं, आणि ते मी बंद करायला लावलं.

पण गाण्याची बाजू घेताना त्यात जे नाही तेही सांगायला हवं. तुकोबांच्या त्या अभंगाची शेवटची ओळ पुन्हा बघा: ‘तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें.’ एका ओळीत ‘तो’ही आहे आणि ‘तू’ही. लढाई कोणाच्या तरी समोर चाललीय, हाक मारायला कोणीतरी आहे. तुमची देवावर श्रद्धा असो वा नसो, त्या वाक्यात दुसरं माणूस बसायची जागा आहे. रामदासांचंही तसंच. आपल्या टाकळीला बारा वर्षं राहिलेला तो मुलगा, त्यानं पुढे मनाचे श्लोक लिहिले तेव्हा स्वतःच्या मनालाच ‘मना सज्जना’ म्हणून समोर बसवलं आणि त्याच्याशी ‘तू’ करून बोलला. किड कडीच्या गाण्यात असा ‘तू’ नाही. ‘मी’ आहे, ‘तो’ आहे, आणि मग पुन्हा ध्रुपद. शेवटच्या कडव्यात तो मन मोकळं करायला निघतो, कशाच्या तरी शोधात, आणि वाक्य तिथेच तुटतं. ‘च्या शोधात’ एवढंच. कशाच्या, ते गाणं सांगत नाही. गायकालाही तेव्हा ठाऊक नसावं, असं मला वाटतं. गाणं म्हणून ती जागा फार सुंदर आहे. पण वीस वर्षांच्या मुलानं ती रिकामी जागा रोज रात्री चार महिने एकट्यानं ऐकणं, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

टाकळीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. रामदासांच्या एकांताबद्दल आपण कीर्तनात ऐकतो. बोहल्यावरून पळालेला बारा वर्षांचा मुलगा, गोदेच्या पाण्यात उभं राहून केलेला जप. तिकडे जांबला त्यांची आई राणूबाई रडून रडून आंधळी झाली, हेही परंपरा सांगते. मुलाला एकांत होता, आईला एकटेपणा. एकाच घटनेचे हे दोन भाग. तुमचा मुलगा गच्चीवर असताना खाली पोटात गोळा घेऊन जाग्या असता त्या तुम्ही. तेव्हा दोघांपैकी जास्त एकटं कोण, हे ठरवायची घाई मी करणार नाही.

पुढचा भाग भाचीनं तुम्हाला गाळून सांगितला असेल. ध्रुपदात जो ‘एकटा’ आहे तो नुसता एकटा नाही, गांजा ओढणारा एकटा आहे. रेडिओवर वाजायचं तेव्हा तो शब्द बदलून वाजायचा. घाबरू नका, गाणं ऐकणारी शंभर मुलं शंभर गांजेकस नसतात. पण गच्ची, रात्र आणि वीस वर्षांचं वय एकत्र आलं की मी हा प्रश्न विचारतेच, आणि तुम्हीही विचारा. खिसे तपासू नका. वास घेत फिरू नका. सरळ विचारा, “या गाण्यातला माणूस ओढतो म्हणे. तू कधी ओढलीस का रे?” उत्तर ‘हो’ आलं तर तिथल्या तिथे रामायण नको. वारंवार ओढण्यानं झोप, लक्ष आणि मूड बिघडतो, काहींच्या बाबतीत भास-भ्रमाचा आजार उभा राहायची शक्यता वाढते, आणि पोलिसांचं लफडं वेगळंच. हे सगळं सांगायला नंतर वेळ मिळतो. पहिल्या रात्री तुम्ही किंचाळलात तर दुसरी रात्र मिळत नाही.

गायकाचं पुढे काय झालं, ते मुलाला माहीत असेल, तुम्हाला सांगते. ऑक्टोबर २०१६ मध्ये, नाव-पैसा सगळं मिळाल्यावर, त्यानं फेसबुकवर लिहिलं की नैराश्य आणि जीव द्यावासा वाटण्याच्या विचारांसाठी तो स्वतःहून उपचार केंद्रात दाखल झालाय. तुम्ही मला ओळखता तेव्हापासून मी शांत नव्हतोच, अशा अर्थाचं त्यानं त्यात कबूल केलं. आठ वर्षांपूर्वीच्या गाण्यातल्या ‘शांती सापडत नाही’चा हा उरलेला अर्धा भाग. आणि मग एक गोष्ट झाली. तिकडचे काळे तरुण, ज्यांना ‘मर्दानं रडायचं नसतं’ हे आपल्याइतकंच घोटून शिकवलेलं असतं, ट्विटरवर एकमेकांना विचारायला लागले: ‘यू गुड मॅन?’ आपल्या बोलीत, ‘बराय ना रे तुझं?’ त्या तीन शब्दांचा हॅशटॅग झाला. गाण्यात जो ‘तू’ नव्हता तो आठ वर्षांनी असा आला. आता कडी जिवंत आहे, गातो आहे. गाणं त्याला तारू शकलं नाही. तारलं त्यानं स्वतः सांगितल्यानं आणि उपचारानं.

अशी गाणीही आहेत ज्यात ‘तू’ आधीपासून असतो. लॉजिक या रॅपरच्या २०१७ च्या एका गाण्याचं नावच अमेरिकेतल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर होता. आधी फोन करणारा बोलतो, मग फोन उचलणारा. व्हिएन्नाच्या संशोधकांनी नंतर हिशेब केला आणि तो २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. गाण्याकडे लोकांचं लक्ष सर्वांत जास्त होतं त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला ९,९१५ कॉल अपेक्षेपेक्षा जास्त गेले आणि आत्महत्या २४५ नं कमी झाल्या. एका गाण्याच्या मानानं हे फारच आहे. म्हणून गाणी वाईट असतात, बिघडवतात, हे मला कोणी सांगू नये. पण तो आकडा गाण्याबरोबर दिलेल्या फोन नंबरचाही आहे, हेही विसरू नये.

हे डिप्रेशन आहे का? पत्रावरून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मी गाण्याकडे नाही, गाण्याच्या आजूबाजूला बघेन. गच्चीवरून खाली येतो तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो, मोकळा की आणखी ओढलेला? हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. ऐकून मन हलकं होतं का, की तेच चाक पुन्हा फिरायला लागतं. दुसरं, सकाळ. झोपतो किती वाजता, उठतो किती वाजता, पोह्याची डिश संपते का. पूर्वी गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेटला जात असेल तर अजून जातो का? मित्रांचे फोन उचलतो का? आंघोळ, कपडे, कॉलेजची हजेरी. यातलं बरंच काही दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज बिघडलेलं असेल, कशातच रस उरला नसेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग आहे, म्हणजे पैशांसाठी अडायचं कारण नाही. आणि तो जर म्हणत असेल की मी नसलो तर बरं, मी ओझं आहे, किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला असेल, तर त्याच दिवशी. तेव्हा स्पष्ट विचारायचं, “जीव नकोसा होतो का तुला? जीव द्यायचे विचार येतात का?” असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घातला जात नाही. उलट एकट्यानं वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, आणि गच्चीचं दार तेवढ्यापुरतं कुलपात ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट असतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्हीही फोन करू शकता, नुसता मुलासाठी नाही, स्वतःसाठीसुद्धा.

यातलं काही नसेल, नुसती गच्ची आणि गाणं असेल, तर तुमच्यासाठी एक गृहपाठ आहे. आधी गाणं स्वतः ऐका. भाचीचा अर्थ नको, गाणंच. पोळ्या करताना नाही, बसून. शेवटचा शब्द दोनदा येतो ते ऐका. मग एका रात्री वर जा. “काय रे हे रात्री-अपरात्री” म्हणत नव्हे. दोन कप चहा घेऊन जा, आणि काही विचारायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसा. ही पाच मिनिटं तुम्हाला अर्ध्या तासासारखी वाटतील, कारण आपल्याला मुलांसमोर गप्प बसायची सवय नसते. मग म्हणा, “मी ऐकलं ते गाणं. तो आधी मी-मी म्हणतो आणि मग स्वतःलाच तो म्हणायला लागतो, असं का रे?” मला वीस वर्षांचा असा मुलगा अजून भेटायचाय जो आपल्या आवडत्या गाण्याबद्दल विचारल्यावर गप्प राहील. तो गाण्यातल्या माणसाबद्दल बोलेल. बोलू द्या. ‘तो’ म्हणूनच बोलू द्या, “म्हणजे तूच ना?” असं म्हणून पकडू नका. त्याला ‘मी’वर यायचं तेव्हा येईल.

एक बारीक गोष्ट विचारून घ्या, मलाही उत्सुकता आहे: तो मूळ गाणं ऐकतो की क्रूकर्सचं? इटलीच्या या जोडीनं त्याचं नाचायचं रूप केलं आणि तिकडे क्लबांत एका एकट्या माणसाच्या दुःस्वप्नावर हजार माणसं एकदम उड्या मारत होती. तुमचा मुलगा ते ऐकत असेल तर कदाचित तो गच्चीवर उदास बसत नसून नाचतही असेल. वर जाताना चपलांचा आवाज करत जा.

आणि आजोबा. त्यांच्याबद्दल तुम्ही स्वतःचं बोला, त्याचं काढायला जाऊ नका. “मला अजून सकाळी दोन कप जास्तीचे होतात” असं काहीतरी, जे खरं असेल ते. सासूबाईंनाही हे बोलायला कोणी नसेल, हे पत्रात कुठे नाही पण मला दिसतंय. घरात एक माणूस कमी झाला की उरलेले प्रत्येक जण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प बसतात, आणि बाहेरून घर भरलेलं दिसतं.

राहिले तुमचे यजमान. सेकंड शिफ्ट असेल तेव्हा अंबडहून घरी यायला त्यांना बारा-साडेबारा होत असतील. वडील गेलेत ते त्यांचेच. ते येतात, ताट झाकलेलं असतं, सगळे झोपलेत असं समजून आवाज न करता जेवतात. त्याच वेळी मुलगा वर जागा असतो. दोघांच्या मध्ये एक जिना आहे. पुढच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्यांचं ताट गच्चीवर नेऊन ठेवा. रात्रीची थंडी आहे, भाकरी फडक्यात गुंडाळा. स्वतः मात्र खाली थांबा.